उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रचणाऱ्याने महापालिका पाहिलेली नसावी. जळगाव आणि धुळे या दोन्ही गावांची नगरपालिका 2003 साली महापालिका झाली. त्याला एक तप उलटलं, दुसरंही सरत आलं. तेवढ्यात नगराध्यक्षांचे महापौर झाले, मुख्याधिकाऱ्यांचे आयुक्त झाले, वॉर्डांचे प्रभाग झाले. उकिरड्याचंही बारसं झालं. त्याला आता ‘घनकचरा प्रक्रिया प्रकल्प’ म्हणायचं. थोडक्यात, पांग फिटले ते पाटीचे. पाटीमागचा ढीग वर्षानुवर्षं वाढत गेला. जळगावात आव्हाणे शिवाराकडून किंवा धुळ्यात वरखेडीकडून वारं सुटलं की त्या ढिगाचा पत्ता विचारावा लागायचा नाही.

गंमत म्हणजे याच खानदेशात उकिरडा ही मालमत्ता होती. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, गुरांनी तुडवलेला कडबा, परसातला पाला, सगळं एका खड्ड्यात जायचं आणि मृगाच्या आधी गाड्या भरून शेतात पसरलं जायचं. ज्याच्या दारचा उकिरडा मोठा त्याच्या दावणीला गुरं जास्त, हा सरळ हिशेब होता. मुलगी द्यायला आलेली मंडळी म्हणे अंगणातल्या रांगोळीच्या आधी तिकडे नजर टाकत. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की खड्डासुद्धा मोजून अर्धा व्हायचा. आजही शेणखताची ट्रॉली विकत आणायला गेलात तर विकणारा असा भाव सांगतो की जणू चुलीवर तूप कढतंय. त्याच शेताच्या बांधावरून शहराचा डंपर जातो. त्याच्या पोटातही निम्म्याहून जास्त तेच असतं: सालं, पाला, उष्टं, खरकटं. शेतकरी खत विकत घेतो आणि महापालिका पैसे देऊन ते घालवते. दोघांच्या मध्ये फक्त एक प्लास्टिकची पिशवी आडवी आली आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, महापालिकेच्या अंदाजपत्रकापेक्षा सोपं आहे.

2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4 लाख 60 हजारांचं होतं, धुळं पावणेचार लाखांचं. या आकाराच्या शहरात माणूस दिवसाला सुमारे 400 ग्रॅम कचरा करतो असं धरतात. म्हणजे जळगावचा रोजचा कचरा 184 टन आणि वर्षाचा 67 हजार टन. दहा-पंधरा वर्षांत माणसंही वाढली आणि ऑनलाइन मागवलेली खोकीही, पण ते सोडून देऊ. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे अभ्यास सांगत की भारतातली शहरं टनामागे 500 ते 1500 रुपये खर्च करतात. त्यातला वरचा आकडा घेतला तरी वर्षाचे 10 कोटी होतात. जळगावने 2019 साली सफाईचा मक्ता दिला तो पाच वर्षांसाठी 75 कोटींच्या घरातला, म्हणजे वर्षाला 15 कोटी. माणशी काढा: महिन्याला 27 रुपये. पाच जणांच्या घराचा महिन्याभराचा कचरा एका धाब्यावरच्या शेवभाजीच्या भावात जातो, पोळ्या वेगळ्या. तेव्हा ‘कचऱ्यावर केवढा खर्च!’ म्हणून छाती बडवणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. रक्कम जास्त नाही. ती जाते कुठे, एवढंच मला विचारायचं आहे.

ती जाते चाकांत. आपल्याकडच्या शहरांचा सरसकट अनुभव असा की कचऱ्याच्या 100 रुपयांतले 60 ते 70 रुपये गोळा करण्यात जातात, 20 ते 30 वाहून नेण्यात, आणि त्या कचऱ्याचं शेवटी करायचं काय, यासाठी पाचसुद्धा उरत नाहीत. लग्नात सगळा पैसा वरातीच्या बँडवर उडवावा आणि वऱ्हाड मांडवात पोचल्यावर वधूपित्याने विचारावं, ‘स्वयंपाक कुणी सांगितला होता?’ तसं हे आहे. आपण कचरा हलवण्याचे पैसे देतो. संपवण्याचे पैसे कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही.

नागरिकालाही तेच हवं असतं म्हणा. माझ्या दारातून गेला की तो कचरा संपला, अशी आपली ठाम समजूत आहे. आव्हाण्याच्या माणसाची समजूत वेगळी आहे, पण त्याला विचारतो कोण?

हलवण्याचं बिल व्हायचं ते टनावर. इथून खरी मजा सुरू होते. टनावर पैसे म्हटलं की कचरा ही चीज जड असावी असं वाटणारी माणसं तयार होतात. माती जड असते, नाल्यातला गाळ जड असतो, पाडलेल्या भिंतीचा राडारोडा तर फारच जड असतो. पावसाळा आला की ढग कुणाच्या बाजूने आहेत हे वजनकाट्यावर कळतं. मी राहतो त्या गावाचं नाव इथे सांगणार नाही. सांगितलं तर उद्यापासून माझ्या दारात घंटागाडी यायची नाही. पण त्या गावात एकदा चहाच्या टपरीवर एका डंपरवाल्याला विचारलं, ‘दादा, गाडीत इतकी माती कशी?’ त्याने बशीतला चहा फुंकला आणि शुद्ध अहिराणीत मलाच सवाल टाकला: ‘भाऊ, हाऊ कचरा शे का सोनं? तुले काय चाळीसनी पाहानं शे?’ म्हणजे, हा कचरा आहे की सोनं, तुला काय चाळून बघायचंय? बाबा रे, चाळायचंच तर होतं. नियमात तेच लिहिलंय.

माती घातली नाही तरी आपला कचरा मुळात ओलाच. निम्म्याच्या आसपास त्यात पाणी असतं. हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या रंगल्या की केळीच्या पानांचे भारे, वांग्यांची देठं, कांद्याची पात असं सगळं चिंब होऊन गाडीत चढतं. म्हणजे ज्या खानदेशात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथून डंपर मात्र रोज पाणी भरून बाहेर जातो, तेही डिझेल जाळून. टँकरने गावात आणायचं आणि डंपरने गावाबाहेर न्यायचं. भगीरथालासुद्धा हे सुचलं नसतं.

या ओलेपणाचा दुसरा फटका मोठमोठ्या प्रकल्पांना बसतो. ‘कचऱ्यापासून वीज’ हे शब्द ऐकले की सभागृहातले बल्ब आपोआप लागतात. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कच्या तंत्राने असा कारखाना उभा केला होता. रोज 300 टन कचरा जाळून वीज करायची होती. भट्टीला किलोमागे चौदाशेच्या वर उष्मांकाचा कचरा हवा होता, दिल्लीने दिला तो त्याच्या निम्म्याएवढ्या उष्मांकाचा. डेन्मार्कच्या कचऱ्यात कागद आणि खोकी. आपल्यात भाजीची देठं आणि रस्त्यावरची धूळ. यंत्र चाललं 21 दिवस. ओली लाकडं चुलीत पेटत नाहीत हे खानदेशातल्या कुठल्याही आजीने फुकट सांगितलं असतं, पण निविदा समितीत आजी नसते.

जळगावनेही हौस करून घेतली. आव्हाणे शिवारात हंजीर बायोटेक कंपनीचा प्रकल्प आला. कचऱ्यापासून खत आणि जळणाच्या कांड्या होणार, महापालिकेचा त्रास जाणार. काही वर्षांनी प्रकल्प बंद पडला आणि कचरा जिथे होता तिथेच राहिला. याच कंपनीचं नाव पुण्याच्या फुरसुंगीतही गाजलं होतं, म्हणजे जळगावला फार मनाला लावून घ्यायचं कारण नाही. अशा प्रकल्पाचं भूमिपूजन एकदा होतं, उद्घाटन एकदा होतं. बंद पडण्याचा मात्र समारंभ नसतो. तो ठेवला पाहिजे. त्या दिवशी तरी पाहुण्यांना कळेल की आत मिसळलेला कचरा गेला होता, आणि मिसळलेल्या कचऱ्याचं खत केलं तर त्यात काचा निघतात, शेतकरी ते एकदा घेतो, दुसऱ्यांदा रस्ता बदलतो. सरकारने 2016 मध्ये शहरी खताला टनामागे 1500 रुपयांचं साहाय्य जाहीर केलं होतं. पण अनवाणी चालणाऱ्या मजुराच्या तळव्याला अनुदान समजत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो बिचारा फार आधीपासून उभा आहे. अलमित्रा पटेल या इंजिनिअर बाईंनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात कचऱ्यावरून याचिका केली, त्यातून 2000 सालचे नियम आले. त्या नियमांत प्रक्रिया केंद्रं उभी करण्याची शेवटची तारीख होती 31 डिसेंबर 2003. वर्ष लक्षात आलं ना? जळगाव महापालिकेचा जन्म मार्च 2003 चा, धुळ्याचा जून 2003 चा. दोन्ही बाळं जन्मली तेव्हा परीक्षा डिसेंबरवर येऊन ठेपली होती. पुढे 2016 मध्ये नवे नियम आले: ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, जुने ढीग पाच वर्षांत निकाली काढा. आपल्याकडे तारीख गेली की तिला मुदतवाढ म्हणतात, आणि मुदतवाढही गेली की ‘महत्त्वाकांक्षी योजना’.

सध्याची महत्त्वाकांक्षी योजना म्हणजे जुना ढीग उकरून चाळणे. माती वेगळी, प्लास्टिक वेगळं, दगड वेगळे. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी टनामागे 550 रुपयांचा हिशेब धरला आहे. चांगलं काम आहे, झालंच पाहिजे. फक्त वही नीट वाचा. त्याच टनाचे आपण आधी गोळा करण्याचे पैसे दिले, मग वाहून नेण्याचे दिले, आता उकरण्याचे देतोय. जळगावचा एका वर्षाचा 67 हजार टन कचरा नुसता टाकून ठेवला तर पुढच्या पिढीला तो उकरायला पावणेचार कोटी लागतील, आजच्या भावाने. सावकारसुद्धा एकाच कर्जावर तीनदा व्याज घेताना थोडा लाजतो.

आणि ज्या घरातून हा कचरा निघाला तिथे तो आधीच वेगळा होता, हे तर सांगायलाच नको. केळीचं साल हातात होतं तेव्हा ते फक्त केळीचं साल होतं. दुधाची पिशवी ही दुधाची पिशवी होती. बादलीत पडेपर्यंत दोघांची ओळखही नव्हती. आपण त्यांचं लग्न लावून देतो आणि वीस वर्षांनी महापालिका यंत्र लावून त्यांचा घटस्फोट करून देते.

माझ्या घरी दोन बादल्या आहेत, हिरवी आणि निळी. बायको सुक्यात ओलं पडू देत नाही. तिचा धाक नियमांपेक्षा कडक आहे. सकाळी घंटागाडी येते, गाणं वाजवते. मी दोन्ही बादल्या घेऊन मंगलाष्टकं म्हटल्यासारखा उभा राहतो. गाडीवर दोन कप्पे रंगवलेले आहेत, हिरवा आणि निळा. आत पडदा नाही. एकदा विचारलं तर वरचा पोरगा म्हणाला, ‘काका, रंग बाहेरून असतो.’ या वाक्यावर मी आठवडाभर विचार करतो आहे. पोराची चूक नाही. तो दिवसाला किती घरं झाली यावर मोजला जातो, गाडी किती फेऱ्या मारते यावर, डंपर किती टनांवर. या साखळीत ‘वेगळा किती आणला’ हे मोजणारा काटा अजून कुणी बसवलेला नाही, आणि ज्याचं बिल होत नाही ते काम गरिबाने का करावं?

धुळेकरांना मात्र माझी एक तक्रार ऐकावीच लागेल. कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज कलेक्टरने दोनशे वर्षांपूर्वी नव्या धुळ्याची आखणी करून दिली. सरळ रस्ते, सरळ गल्ल्या, आणि गल्ल्यांना चक्क नंबर. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पत्ता सांगताना ‘पिंपळाच्या मागे, शिंप्याच्या डाव्या अंगाला’ म्हणावं लागत नाही असं हे दुर्मीळ मराठी गाव. घंटागाडीला याहून सोपं गाव मिळायचं नाही. एका टोकाने शिरावं, दुसऱ्या टोकाने निघावं. याच परिसरात तरुण विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत दातर्तीला पांझरेच्या खोऱ्यात भर पावसाळ्यात पाण्याचा सायफन बसवला होता. पाणी न्यायचं कसं हा अवघड प्रश्न धुळ्याने 1884 च्या सुमारास सोडवला. नंबर घातलेल्या गल्लीतून कचरा न्यायचा कसा, यावर महासभेत अजून चर्चा रंगते.

जळगावला गल्ल्यांचे नंबर नाहीत, पण मजल्यांचे आहेत. महापालिकेची सतरा मजली इमारत! एवढी उंच महापालिका सहसा बघायला मिळत नाही. उंचीचा एक फायदा असतो, वास वरपर्यंत येत नाही. खालच्या गोलाणी मार्केटला तो फायदा नव्हता. जुलै 2017 मध्ये तिथली घाण इतकी वाढली की सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून अख्खं मार्केट काही दिवस बंद ठेवण्याचा आदेश प्रशासनाने काढला. मोबाइलची, झेरॉक्सची, कपड्यांची शेकडो दुकानं. सगळ्यांची शटरं खाली. त्या दिवसांत बुडालेला धंदा महापालिकेच्या कुठल्याच खात्यात ‘घनकचरा खर्च’ म्हणून लिहिलेला नाही. न उचललेल्या कचऱ्याचाही खर्च होतो. तो दुसऱ्याच्या वहीत पडतो, डासांबरोबर डॉक्टरच्या बिलात पडतो, एवढंच.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा पसारा मांडला तिकडे येतो. जळगावच्या एमआयडीसीत चला. इथल्या प्लास्टिकच्या चटया देशभर जातात. तुमच्या घरातल्या सत्यनारायणाला भटजी बसले ती बहुधा जळगावचीच असेल. ही चटई बऱ्याच अंशी जुन्या प्लास्टिकपासून होते. भंगारवाला प्लास्टिक आणतो, ते निवडलं जातं, धुतलं जातं, वितळवून त्याचा दाणा करतात, दाण्याचा धागा ओढतात, धाग्याची चटई विणतात. निवडलेल्या, धुतलेल्या प्लास्टिकला इथे किलोवर भाव आहे. त्यासाठी बाहेरगावाहून माल येतो. आणि त्याच शहरात, काही किलोमीटरवर, तेच प्लास्टिक खरकट्यात लडबडून आव्हाण्याला जातं आणि ते न्यायचे पैसे महापालिका मोजते. एकाच गावात एकाच वस्तूचा भाव इथे अधिक आणि तिथे उणे. मधला फरक म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली दोन सेकंदं.

हा फरक ज्यांना पहिल्यांदा कळला त्या बायका डोक्यावर पोतं घेऊन उन्हात फिरतात. प्लास्टिक, पुठ्ठा, लोखंड वेचून त्या महापालिकेचा कितीतरी टनांचा वाहतूकखर्च वाचवतात आणि बदल्यात कुत्री अंगावर घेतात. पुण्याने 1993 साली त्यांची संघटना पाहिली आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदारच्या कामाला लावली. इकडे अजून ‘ए बाई, गेटच्या बाहेर’ एवढंच धोरण आहे.

वेंगुर्ल्याचं उदाहरण दिलं की लगेच उत्तर तयार असतं: ‘ते छोटं गाव हो.’ मान्य. तिथल्या नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, दारातच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि डेपोची अशी बाग केली की लोक ती बघायला जातात. छोटं गाव नको असेल तर मोठं घ्या. धुळ्याहून आग्रा रोडला लागा, शिरपूर, सेंधवा, घाट, आणि पाच-सहा तासांत इंदूर. जळगाव आणि धुळे मिळून होतील त्याच्या दुपटीहून मोठं शहर. तिथे 13 लाख टनांचा जुना ढीग चाळून संपवला आणि 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा कारखाना चालतो. तिमारपूरला जे जमलं नाही ते इथे जमण्याचं गुपित यंत्रात नाही, ओलं ओल्यातच येतं यात आहे. आपले लोकप्रतिनिधी अभ्यास दौऱ्याला जातच असतात, तेव्हा हेही होऊन जाऊ द्या. फक्त सराफ्यातल्या खाऊगल्लीवर रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास झाला की सकाळी सहाला घंटागाडी बघायला डोळे उघडत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

मागणी एकच करतो, आणि ती आयुक्तांना आहे. पुढच्या मक्त्यात एक ओळ घाला: मिसळलेल्या टनाला कमी पैसे, वेगळ्या आणलेल्या टनाला जास्त. बघा, महिनाभरात गाडीतला पडदा परत येतो की नाही.

आणि वाचकहो, हे सदर वाचून झालं की कागद रद्दीवाल्याला द्या. किलोमागे चार पैसे तुम्हाला मिळतील. भरिताच्या सालींबरोबर बादलीत टाकलात तर तोच कागद न्यायचे पैसे घरपट्टीतून तुम्हीच भरणार आहात.